कुठं उलथलीस, भवाने?

माझा आवाज लहान आहे असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी सकाळी दात घासताना खाकरलो की खाली वॉचमन धावत जाऊन गेट उघडतो. त्याला वाटतं पाण्याचा टँकर आला. माझी शिंक तर थेट खाडीपर्यंत जाते. एका हिवाळ्यात मी लागोपाठ शिंकलो आणि पाणथळीतले झाडून सगळे फ्लेमिंगो उठून गुजरातकडे निघून गेले. फोटो काढायला आलेली मंडळी गळ्यात भलेमोठे कॅमेरे अडकवून नुसतीच चिखलात उभी. यातलं थोडं इकडंतिकडं असेल, पण शिंक खरी आहे. बायकोला विचारा.

अशा माणसाच्या घरात जगातलं सगळ्यात भित्रं मांजर आणून ठेवणं हा निर्णय आमच्या लेकीचा. ती कॉलेज सांभाळून दर रविवारी जासईकडच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मदतीला जाते. तिथून एका संध्याकाळी ती जाळीच्या पेटीत हे मांजर घेऊन आली. पेटीत मांजर होतं असं ती म्हणाली म्हणून आम्ही मानलं. आम्हाला दिसला तो एका टॉवेलचा फुगवटा.

"बाबा, आधी ऐकून घे," ती म्हणाली. "ही घाऊक बाजारात सापडली. बटाट्याच्या गोण्यांच्या थप्पीत. शेपटी कशाखाली तरी चिरडली होती, ती अर्धी कापावी लागली. मग दोन घरांनी तिला नेलं आणि दोघांनीही परत आणून दिलं."

"का?"

"दिसतच नाही म्हणून."

पहिलं घर पाम बीचकडचं. तिथं इतकी शांतता, की पंखासुद्धा परवानगी काढून फिरायचा. मांजर गेलं ते वॉशिंग मशीनच्या मागं, आणि परत यायच्या दिवशीच बाहेर निघालं. दुसरं घर खारघरचं. त्या जोडप्यानं तिच्यासाठी बासरी लावली, सुगंधी मेणबत्त्या लावल्या, पायात लोकरीचे मोजे घालून फिरले. ती माळ्यावरच्या सुटकेसींमागं जाऊन बसली. दोन्ही घरांचा अभिप्राय एकच होता: मांजर चांगलं आहे, आम्ही ते दोनदा पाहिलं, येताना आणि जाताना.

"तर ती आता थोडे दिवस आपल्याकडे," लेक म्हणाली. "फोस्टर."

"म्हणजे?"

"म्हणजे आपली नाही, पण आपल्याकडे."

"यांनी मित्राकडून आणलेल्या शिडीसारखी," बायको म्हणाली. ती शिडी आमच्या बाल्कनीत इतकी वर्षं आहे की तिच्यावर आता मनीप्लँट चढलाय.

मग लेकीनं खरी गोष्ट सांगितली. जी मांजरं पुन्हा पुन्हा परत येतात, त्यांना शेल्टरमध्ये 'कायमची' म्हणतात. त्यांना मग कुणाला दाखवतच नाहीत. हिला आपल्याकडूनही परत न्यावं लागलं तर ही कायमची. एवढासा पिंजरा, पलीकडं कंटेनरच्या गाड्या, आणि बस्स.

हे ऐकून मी, हे सांगायला मला लाज वाटत नाही, स्वतःहून मौन पत्करलं.

त्या आठवड्यात आमच्या घरात जी शांतता नांदली तशी हिमालयातल्या गुहेतही नसेल. टीव्ही बंद. दाराच्या बेलची वायर काढलेली. बायको कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची, त्यामुळं आम्ही सगळा आठवडा चावून खायचं वरण खाल्लं. शिंक आली की मी लिफ्टनं खाली जायचो, सोसायटीच्या मागच्या भिंतीशी शिंकायचो आणि वर यायचो. मागची भिंत आता थोडी कललीय. कमिटी म्हणते पायाच कच्चा होता. मी वाद घालत नाही.

मांजर दिवाणाखाली. अगदी भिंतीला टेकून, कोपऱ्यात. आम्ही तिघं पाळीपाळीनं फरशीवर आडवे पडून तिची मनधरणी करायचो. शेल्टरनं तिला एक नाव दिलं होतं, ते एखाद्या पेस्ट्रीचं असावं असं होतं. लेक त्या नावानं हाक मारायची. बायको "मनीमाऊ, मनीमाऊ" करायची. माझी पाळी आली तेव्हा मी अत्यंत नाजूकपणे "शुक शुक" केलं.

"बाबा! शुकशुक करून मांजर हाकलतात!"

"रिक्षावाल्याला शुकशुक केलं की तो येतो."

"रिक्षावाला तरी कधी येतो?" बायको म्हणाली. हा सगळा संवाद कुजबुजत झाला. माझी कुजबुज दोन मजले खाली ऐकू जाते, तो भाग सोडा.

पण हसण्यावारी नेण्याची वेळ लवकरच संपली. मांजर खाईना. डब्यातलं महागडं खाणं तसंच. मी शिरवण्याच्या मासळीबाजारातून मांदेली आणली, बायकोनं ती नुसत्या हळदीत वाफवली. मांजरानं तिलाही हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही. लेकीनं शेल्टरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि फोन ठेवल्यावर ती दिवाणाखाली वाकून एकदा बघून आली.

"उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परत न्यायचंय," ती म्हणाली. "सलाईन लावायला. आणि मग... ते तिला तिथंच ठेवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजे घालून, चोरपावलांनी, बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला गेलो. आता ही गोष्ट नीट समजून घ्या. एरवी मी पाणी घालण्याआधी ग्रिलमधून तोंड बाहेर काढून "मावशी, पाणी सोडतोय!" अशी आरोळी ठोकतो. खालच्या मजल्यावरच्या मावशी काय वाळत घातलं असेल ते आत ओढतात. ही आमची जुनी पद्धत. पण त्या दिवशी घरात मौन. मी न ओरडता पाणी सोडलं. खाली मावशींनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या पसरल्या होत्या.

या मावशींची ओळख करून द्यायला हवी. त्या मूळच्या पाटणकडच्या. नवरा घाऊक बाजारात माथाडी. त्यानं जन्मभर डोक्यावर गोण्या वाहिल्या, आणि मावशींनी त्याच्या जोडीला बाजाराशेजारी खानावळ चालवली. ट्रकांचे हॉर्न, तोलाईवाल्यांचे पुकारे, हमालांचा आरडाओरडा, आणि त्या सगळ्यावरून ज्या बाईची "जेवाय चला रं मुडद्यांनो" ही हाक शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचायची, ती ही बाई. नवरा गेला, खानावळ मिटली, मुलगा शिकून कॉम्प्युटरवाला झाला आणि आईला आमच्या सोसायटीत घेऊन आला. सून घरूनच काम करते, कानाला यंत्र लावून दिवसभर मीटिंगा. त्यामुळं मावशींच्या घरात दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य ऐकू यायचं: "आई, हळू. कॉल चालू आहे." सून चांगली, बोलायचीही प्रेमानं. पण तो आवाज घरात मावेना. मावशी मग बोलायला जिन्यात यायच्या. आणि जिन्यात बहुतेक वेळा त्यांना सापडायचो मी.

तर त्या दिवशी बेल बंद असल्यामुळं मावशींनी दारावर थाप मारली. थाप कसली, फळी हलली.

"आरं ए! कुठं उलथला ह्यो बाबा? भाईर ये! वरीसभराच्या मिरच्या बुडीवल्यास की रं! त्वांड शिवलं व्हतं का तुजं? आरोळी द्याय काय झालं व्हतं?"

बायकोनं दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. लेक धावत आली. "मावशी, प्लीज, हळू! घरात मांजर आहे, ती घाबरते!"

"मांजार? आन् ते कशापाई? ह्येच्या आवाजानं मेलं न्हाई का आजून?"

त्यांचं हे वाक्य संपायच्या आत दिवाणाखालून काहीतरी निघालं. आधी मिशा, मग एक धुळीनं माखलेलं डोकं, मग सगळं मांजर, आणि शेवटी अर्धी शेपटी, झेंड्यासारखी ताठ. ती हॉल ओलांडून गेली. आमच्या तिघांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मावशींच्या पायाशी जाऊन तिनं त्यांच्या घोट्याला डोकं घासलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

मावशींनी खाली पाहिलं. आवाज तसूभरही कमी केला नाही.

"ही कोन गं भवानी? कुठं उलथली व्हतीस? आन् ही काय दशा करून घितलीस? नुसती हाडं! खाती का न्हाई काय?"

आणि मांजर बोललं. म्याव नव्हे. ट्रेलर रिव्हर्स घेताना जसा ओरडतो तसा तिनं आवाज दिला, लांबलचक, तक्रारीचा. इतके दिवसांचं सगळं सांगितलं असावं. त्यात माझ्या मोज्यांचा उल्लेखही असावा असा मला संशय आहे. मग मावशी "खा की मग, बगती काय माझ्याकडं!" म्हणाल्या, आणि तिनं मांदेलीचा फडशा पाडला. मी म्हणेन पंचवीस मांदेली. बायको म्हणते चार. काट्यांसकट, यावर एकमत आहे.

लेक फरशीवर बसली आणि रडत रडत हसायला लागली. मावशी गोंधळल्या. "आगं, हिला काय झालं? मी मिरच्यांचं बोलाय आले व्हते."

बायकोच्या डोक्यात आधी उजेड पडला. "अहो, ती बाजारात वाढलीय. तिथं बोलणं म्हणजे असंच. आपण कुजबुजायला लागलो की तिला वाटत असेल, आता काहीतरी भयंकर होणार."

मग मी सुटलो. इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज होता, मी छाती भरून ओरडलो, "ए भवाने! कुठं उलथलीस?" वरच्या मजल्यावर कुणाची तरी कपबशी फुटली. मांजरानं माझ्याकडं एकवार पाहिलं आणि ती शांतपणे मावशींच्या लुगड्यामागं जाऊन बसली. आवाज भरपूर होता हो, पण माझी शिवी शाळेत शिकल्यासारखी होती. ते तिला लगेच कळलं.

आता पुढं काय व्हायला हवं ते सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं, मावशी सोडून.

"मला नगं. मांजार दूध पितं, गादीवर बसतं. आन् आमच्याकडं आवाज चालत न्हाई," असं म्हणून त्या खाली गेल्या. पण दुपारी पुन्हा वर आल्या, मिरच्यांची भरपाई कशी करणार हे विचारायला. संध्याकाळी आल्या, भरपाईचं विसरला नाहीस ना हे विचारायला. दर वेळी आधी दारातून मला दोन शब्द, मग मांजराला चार. त्यांची यायची वेळ झाली की मांजर दाराशी जाऊन बसायला लागलं. तीन-चार दिवसांनी मावशी आल्या त्या पदराखाली स्टीलची वाटी घेऊन. "उरल्यालं दूध हाय. फेकून द्याचं तर दिलं."

पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आट दिस ठिवून बगती. मिरच्या राखाय."

मिरच्या राखायला मांजर हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.  सुनेनं हरकत घेतली नाही. मांजर जाळीची पेटी न वापरता, मावशींच्या मागोमाग, स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेलं.

राहिलं होतं ते शेल्टरच्या ताईंनी घर बघायला येणं. मांजर कायमचं द्यायचं तर त्या आधी घर बघतात, माणसं बघतात, मांजर तिथं कसं वागतं ते बघतात, आणि मगच होकार देतात. आणि इथं आम्ही माती खाल्ली.

"मावशी," लेक म्हणाली, "त्या ताईंसमोर भवानी म्हणायचं नाही हं. त्यांना वाटेल तुम्ही तिला रागावता."

"उलथलीस पण नाही," बायको म्हणाली.

"बाळा म्हणायचं," मी म्हणालो. "ये बाळा, बस बाळा. आणि आलेल्या माणसाला 'या ना, बसा ना, काय घेणार?' असं हळू आवाजात." मी दोन दिवस मावशींची तालीम घेतली. मी स्वतः हळू बोलायला शिकवतोय, हे पाहायला जिन्यात गर्दी जमायची. मावशींनी सगळं मुकाट्यानं म्हणून दाखवलं. मला वाटलं, जमलं. त्या उलटून बोलल्या नाहीत म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

रविवारी ताई आल्या. तरुण, जीन्स घातलेल्या, हातात रिकामी पेटी. आम्ही तिघंही खाली हजर. मावशी कडक इस्त्रीच्या लुगड्यात खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. सून आतल्या खोलीत, दार लावून, कॉलवर. मांजर खिडकीत ऊन खात पसरलेलं.

"या ना," मावशी म्हणाल्या. "बसा ना. काय घेणार?"

मी खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. एखाद्या माणसाच्या अंगात दुसरंच कुणीतरी शिरावं तसा तो आवाज. मांजरानं कान मागं पाडले.

"ये बाळा," मावशी खिडकीकडं वळून कुजबुजल्या. "कुठे आहेस तू? ये ना."

एक काळपट रेघ हवेतून गेली. मांजर फ्रिजच्या मागं. ताईंनी वाकून पाहिलं, दोन्ही डोळे अंधारात चमकत होते. त्यांनी हळूच हाक मारली, लेकीनं मारली, मावशींनी पुन्हा एकदा "बाळा" म्हटलं आणि ते डोळे आणखी आत गेले.

ताई उठल्या. वाईट वाटत होतं त्यांनाही. "आजी, तुम्ही प्रेमळ आहात. पण ती इथंही घाबरलीय. मी तिला इथं ठेवू शकत नाही, सॉरी." आणि त्यांनी पेटीचं दार उघडलं.

 मावशींचे हात मांडीवर, नजर त्या पेटीकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं, आम्ही शिकवल्याप्रमाणं. लेकीनं माझा दंड धरला. मला काहीतरी मोठ्यानं सांगायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज फुटेना.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सून बाहेर आली, कानाचं यंत्र गळ्यात.

"आई, काय झालं? तुम्ही असं का बोलताय? मला आतून वाटलं कुणी दुसरंच आलंय."

"तुजा कॉल हाय न्हवं," मावशी पुटपुटल्या.

"असू दे कॉल. नीट बोला ना. नेहमीसारखं बोला." सून त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. "मी म्यूट केलंय."

मावशींनी तिच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, आणि मग, माझ्याकडं पाहिलं.

"ह्या बाबाचं ऐकलं!" त्या कडाडल्या. भिंतीवरचं घड्याळ एकदा थांबून पुन्हा चालू झालं. "ह्या मुडद्याचं ऐकलं आन् माजी भवानी चालली! बाळा म्हन म्हनं! आरं, माज्या पोटच्या पोराला कंदी बाळा म्हनले न्हाई मी! आन् तू गं ए! कुठं उलथलीस? ये भाईर! फ्रिजमागं काय तुज्या बाचं ठिवलंय?"

मांजर आलं. शेपटीचा झेंडा उभारून, अंगाला कोळ्याचं जाळं चिकटलेलं, ट्रेलरच्या आवाजात उलट उत्तरं देत आलं, आणि थेट मावशींच्या इस्त्रीच्या लुगड्यावर उडी मारून बसलं. मावशी तिच्या अंगावरचं जाळं काढत काढत तिचा उद्धार करत राहिल्या, आणि ती डोळे मिटून घुरघुरत राहिली.

ताई पेटीचं दार हातात धरून उभ्याच. "हे... त्या शिव्या देतायत का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "हे लाड आहेत."

ताईंनी स्वतः एकदा करून पाहिलं. अगदी हळूच म्हणाल्या, "भवाने." मांजरानं एक डोळा उघडला आणि मिटला. मग ताईंनी पेटी बंद केली, चहा घेतला आणि मांजर तिथंच ठेवून गेल्या. जाताना सुनेला विचारलं, "तुम्हाला कामात आवाजाचा त्रास नाही ना होणार?" सून म्हणाली, "मी दार लावून घेईन." सुनेचं त्या दिवशी म्यूट झालंच नव्हतं आणि पलीकडं बंगळुरूमध्ये अख्ख्या मीटिंगनं उठून टाळ्या वाजवल्या, असं मी सगळ्यांना सांगतो. सून म्हणते तसं काही झालं नाही. ती कामात होती, तिला काय कळणार.

आता आमच्या घरात पुन्हा कुकर शिट्ट्या मारतो, आणि खालच्या घरातून "आई, हळू" फारसं ऐकू येत नाही. मांजर दिवसभर जिन्यात हुंदडतं. शेल्टरमधलं ते पेस्ट्रीचं नाव कुणाला आठवतही नाही. दिवेलागणीला मावशी दारात येतात आणि सगळ्या मजल्यांना पोचेल अशी हाक देतात: "आगं ए भवाने! कुठं उलथलीस?"

व्याकरणाच्या दृष्टीनं ती हाक माझी नव्हे, हे मला समजतं. पण अंगवळणी पडलंय. हाक आली की मी हातातलं टाकून जिना उतरतो. मांजर माझ्या पुढंच असतं, पण थोडक्याच अंतरानं.

"तुला कुनी बोलीवलं रं?" मावशी विचारतात, आणि मांजराला मासा घालून झाला की त्या मिरच्यांच्या चटणीची वाटी माझ्या हातात देतात. मिरच्या भिजल्यामुळं यंदा चटणी जरा जास्तच झणझणीत झालीय, असं माझं मत आहे. ती खाऊन मी शिंकतो.